शिगेचं माप

"सात किलो दोनशे ग्रॅम तांदूळ जास्त आहेत," रणनवरे साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "जास्त?"

"जास्त. रजिस्टरला शिल्लक बावन्न किलो आठशे. पिंपात निघाले साठ किलो. हे कसं काय, बाई?"

आता कमी भरले असते तर मी घाबरले असते. लोकांची चौकशी होते ती कमी भरलं म्हणून. माझी झाली ती जास्त भरलं म्हणून. मला चक्क हसू आलं.

"मग चांगलंच आहे की, साहेब. बरकत म्हणायची."

साहेब हसले नाहीत. तिशीचा माणूस, तालुक्याहून तपासणीला आलेला, बदली होऊन नवीनच, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी बाह्या सरसावून, घामाघूम होऊन, स्वतःच्या हातानं साठ मापं मोजली होती. हातावरचं तांदळाचं पीठ झटकत ते म्हणाले, "बरकत कसली? तुम्ही सोळा दिवसांत सत्तावीस किलो शिजवले असं लिहिलंय. शिजवले वीसच. सात किलो पोरांच्या तोंडातले काढून बाजूला ठेवले. पुढं ते कुठं जाणार होते, ते मी बोलत नाही."

बोलत नाही म्हणाले, पण दारात सगळ्या आया उभ्या होत्या. खिचडीची वेळ, पोरांना न्यायला आलेल्या. त्यांनी ऐकायचं ते ऐकलं. आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं.

मी शालन दडस. बोरजाईवाडीच्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं बाई होते. दहावी नापास, पण गणितात नव्हे, इंग्रजीत; हे मी पहिल्यापासून सांगत आले आहे, कारण माणसं विचारायच्या आधीच ठरवून टाकतात. ही गोष्ट लातूरला भूकंप झाला त्याच्या पुढच्या सालची. आमचा माणदेश म्हणजे पाऊस वाट चुकून आला तर आला. घराघरात भाकरी होती, पण पोरांच्या ताटात ती शेवटी पडायची. म्हणून बत्तीस पोरांना दुपारची खिचडी मिळायची तिला आमच्या वाडीत फार किंमत होती. त्या खिचडीतलं कुणी खाल्लं असं नाव लागलं असतं, तर काम जाणं ही लहान गोष्ट. वाडीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आणि दारात सुगंधा उभी होती, कडेवर दगडू घेऊन. तिची आधीची दोन पोरं गेलेली. हा तरी टिकावा, कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून नाव दगडू ठेवलेलं. तीन वर्षांचा होऊन अंगावर मांस नव्हतं त्याच्या. आमच्या वजनाच्या तक्त्यावर त्याचा ठिपका सगळ्यात खाली असायचा.

ती म्हणाली, "बाई, माझ्या दगड्याचा घास काढलासा व्हय?"

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं हळू विचारलं. ते मला आजही ऐकू येतं.

आमच्यात एक चौथं माणूस होतं, पुतळामावशी. आमची मदतनीस. साठीची, अंगठेबहाद्दर, हातात चुलीचा वास मुरलेला. खिचडी तीच शिजवायची. साहेब मापं मोजत होते तेव्हा ती कोपऱ्यात बसून त्यांच्या बरोबरीनं पुटपुटत होती, "लाभ, दोन, तीन..." आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. साठाला ती थांबली आणि खाली मान घालून बसली. मला वाटलं, बिचारी घाबरली.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही मोजलंत कशानं?"

"ह्यानंच की. तुमच्याच मापानं."

ते डेअरीवाल्याकडून मागून आणलेलं ॲल्युमिनियमचं लिटरचं माप होतं. आमचा तराजू आणि वजनं शिक्का मारायला म्हणून तालुक्याला गेली ती गेलीच. तेव्हापासूनचे हे सोळा दिवस आम्ही सगळं त्या मापानंच काढत होतो. साहेबांनी प्रत्येक माप काठोकाठ भरून वर माझी लाकडी फूटपट्टी फिरवली होती. ती पट्टी मीच मावशीला दिलेली, माप सपाट करायला. तिचं एक टोक काळं झालं होतं. ते का झालं, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं.

"साठ मापं म्हणजे साठ लिटर," मी म्हटलं. "साठ किलो कुठनं काढलंत?"

"लिटर म्हणजे किलो. शाळेत शिकवतात."

"शाळेत पाण्याचं शिकवतात, साहेब. लिटरभर चुरमुरे घ्या आणि किलो भरवून दाखवा मला."

दारातल्या बायका फिसकन हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. माझी सासू म्हणायची, शालनला वाढताना मीठ कमी घातलं तरी चालेल, ती बोलून भागवते.

"चुरमुऱ्याचं काय सांगता? चुरमुरा पोकळ असतो. तांदूळ भरीव असतो, जड असतो."

"दाणा भरीव असतो. पण दाण्यादाण्यात फट असते की. त्या फटीत वारा. त्या वाऱ्याचं वजन तुम्ही रजिस्टरला लावताय."

"मग तुम्हीच सांगा, लिटरला किती बसतात?"

"साडेआठशे ग्रॅम."

"कशावरून?"

मी भिंतीकडं बोट केलं. दाराच्या मागं, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर मी खडूनं लिहून ठेवलं होतं. तांदूळ ८५०. मूगडाळ ८६०. भरडा ६५०. गव्हाचं पीठ ५५०. साखर ८५०. प्रत्येकापुढं माप सपाट असं लिहिलेलं. तराजू गेल्यावर मी काय गप्प बसणार होते? एका रविवारी बसून एकेक जिन्नस दहा-दहा लिटर मोजला आणि वजन केलं. पिठानं तर मला दिवसभर खेळवलं. अलगद भरलं तर साडेपाचशे, माप जरा आपटलं तर सव्वासहाशे. शेवटी ठरवलं की आपटायचं नाही, हलवायचं नाही, ओतायचं आणि पट्टी फिरवायची.

साहेबांनी यादी दोनदा वाचली. "वजन कशावर केलंत? तराजू तर नाही."

"बाळांच्या काट्यावर."

प्रत्येक अंगणवाडीत असतो तो. घड्याळासारखी तबकडी, वर कडी, खाली कापडी झोळी. झोळीत पोर ठेवायचं, काटा वजन दाखवतो. महिन्याच्या महिन्याला मी वाडीतलं प्रत्येक पोर त्याच्यावर टांगायचे.

"बाळांच्या काट्यावर तांदूळ?" साहेब म्हणाले. "हे नियमात बसत नाही."

"बाळांना खोटं वजन सांगतो का तो?"

"तसं नाही. पण तो बरोबर आहे हे कशावरून?"

"आता ते विचारा की! मावशी, बादली आणा."

मावशी उठली, पण पाय ओढत. बादलीभर पाणी म्हणजे आमच्याकडं चैन. बायका जरा सरकल्या आणि पडवीत जागा केली. मी पडवीच्या लोखंडी अँगलला काटा टांगला, रिकामी बादली अडकवली आणि मागचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. मग त्याच डेअरीच्या मापानं पाच मापं पाणी ओतलं. मापं मी नाही ओतली. साहेबांना ओतायला लावली.

काटा पाचावर जाऊन थांबला. इकडं नाही, तिकडं नाही.

"पाण्याचं लिटर म्हणजे किलो," मी म्हटलं. "शाळा बरोबर, माप बरोबर, काटाही बरोबर. आता तांदूळ."

ते पाणी मावशीनं परत रांजणात ओतलं, थेंब न सांडता. मी काट्याला झोळी लावली, पुन्हा शून्यावर आणली. एका मापानं नीट कळत नाही, तबकडीवरची एक रेघ शंभर ग्रॅमची. म्हणून दहा मापं. साहेबांनी ओतली, पट्टी फिरवली. काटा साडेआठ.

"दहा मापांना साडेआठ किलो," मी दाराकडं तोंड करून म्हटलं. साहेबांना नाही, बायकांना ऐकवलं. सुगंधाला ऐकवलं. "म्हणजे मापाला साडेआठशे. भिंतीवर काय लिहिलंय?"

"साडेआठशे," कुणीतरी म्हणालं.

अहाहा! काय सांगू तुम्हाला. दहावी नापास बाईच्या भिंतीवरचा खडू आणि पदवीधर माणसाचं रजिस्टर, आणि खडू खरा निघाला. मला त्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. साठ गुणिले साडेआठशे हा हिशोब साहेबांच्या डोक्यात आलाच नसता तर ते घरी गेले असते. पण माझा उत्साह! मी म्हटलं, "साहेब, आता सगळेच तोलू. पाठीमागं बोलायला जागा नको."

पिंपातले साठच्या साठ लिटर आम्ही तीन खेपांत तोलले. एका खेपेला वीस मापं. पहिली खेप सतरा किलो. दुसरी सतरा. तिसरी सतरा.

"सतरा त्रिक एक्कावन्न," मी ठसक्यात म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझी नजर रजिस्टरवर गेली.

साहेबही तेच बघत होते. त्यांनी रजिस्टर हळूच माझ्यापुढं सरकवलं. शिल्लक बावन्न किलो आठशे.

"बाई," ते म्हणाले, "आता एक किलो आठशे कमी आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जास्त होते तोवर ती साहेबांची चूक होती. आता कमी होते, आणि ते माझ्याच काट्यानं, माझ्याच यादीनं, चारचौघांत सिद्ध झालेलं. पाठीमागं पोरं ताटल्या वाजवत होती तेवढाच आवाज.

साहेबांनी आवाज चढवला नाही, एवढं त्यांचं मी आजही मानते. "रोज माप कोण घालतं?"

माझ्या हातात रजिस्टर असायचं. माप मावशीच्या हातात. मी दारातून विचारायचे, "मावशी, दोन मापं?" ती आतून म्हणायची, "दोन मापं." मी लिहायचे, एक किलो सातशे. पण मावशीचं नाव कसं घेऊ? तिला नवरा नाही, पोर नाही, ह्या खोलीशिवाय तिला सकाळी उठून जायला ठिकाण नाही.

"मीच घालते," मी म्हटलं.

"खोटं बोलती ती," मावशी म्हणाली.

ती पिंपापाशी उभी होती. पदर खोचलेला, माप हातात. मघाशी पाय ओढत होती तीच बाई, पण आता ताठ. "माप म्या घालते. सोळा दिस म्याच घातलंय. ह्यातला एक दाणा बाईनं न्हेला न्हाई आन म्या बी न्हाई."

"मग गेले कुठं, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"ह्ये बघा."

तिनं माप पिंपात बुडवलं आणि वर काढलं. काठोकाठ भरलेलं, आणि वर तांदळाचा निमुळता ढीग. पट्टी नाही, बोट नाही, काही नाही. दुसऱ्या हातानं ती त्या ढिगावर आणखी तांदूळ सोडत राहिली, पार दाणे कडेनं घरंगळायला लागेपर्यंत. त्या वरच्या ढिगाला आमच्याकडं शीग म्हणतात. बाजारात घेणारा शीग मागतो आणि देणारा ती पाडायला बघतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण सरकारी तांदळाला कुणी शीग लावत असेल हे माझ्या सात पिढ्यांच्या डोक्यात आलं नसतं.

"आवं, देवाच्या निवदाला आन लेकराच्या ताटाला सपाट माप घालायचं नसतंय," मावशी म्हणाली. "सपाट माप मड्याला घालत्यात. माझ्या आयनं मला शिकिवलंय. बाईनं पट्टी दिली, म्या ठेवून घिटली. तिचा शब्द मोडायचा न्हाई. पर लेकरांच्या मापावर न्हाई फिरवली कवा."

"मग त्या पट्टीचं काय केलंत?" माझ्या तोंडून गेलं.

"कोळसं सारायला बरी पडती."

काळं टोक! मी रोज बघत होते. रोज तीच पट्टी उचलून फळ्यावर रेघा मारत होते. हिशोबात एवढी हुशार मी, आणि ती पट्टी जळालेली का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "घाला दहा मापं. तुम्ही रोज घालता तशी."

मावशीनं झोळीत दहा मापं घातली. प्रत्येकाला शीग, आणि प्रत्येक माप झोळीपर्यंत नेताना डावा हात खाली धरलेला, दाणा पडू नये म्हणून. "लाभ," ती म्हणाली, "दोन, तीन..." ह्या वेळी ती पुटपुटत नव्हती. बायका तिच्याबरोबर मोजायला लागल्या. दहाव्या मापाला काटा नऊवर गेला आणि अर्धी रेघ पुढं सरकून थांबला.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मी तोंडीच चालू केलं. "सपाट दहाला साडेआठ किलो. शिगेच्या दहाला नऊ किलो पन्नास ग्रॅम. दहा मापांमागं साडेपाचशे ग्रॅम जास्त. एका मापामागं पंचावन्न. दिवसाला दोन मापं, सोळा दिवस, बत्तीस मापं. बत्तीस पंचावन्न..."

"सतराशे साठ," साहेब कागदावरून म्हणाले.

"सतराशे साठ," मीही त्याच वेळी म्हटलं.

"कमी आहेत अठराशे. चाळीस ग्रॅम राहतात."

"ते चिमण्यांचं," मावशी म्हणाली. "रोज दारात टाकते चिमूटभर. ते बी लिवा."

साहेब पहिल्यांदा हसले. पण लगेच सावरले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "हे मला पटलं, मावशी. पण कागदाला कसं पटवू? शिगेचा तांदूळ हंडीतच गेला, पोरांच्याच पोटात गेला, हे मी कशावरून लिहू?"

उत्तर दारात होतं. सुगंधा गर्दीतून आत आली. तिनं मावशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. झोळीतला तांदूळ पिंपात रिकामा करायलाही ती थांबेना. "काढा ते," ती म्हणाली, "आन ह्याला घाला."

आम्ही झोळी रिकामी केली, झटकली. दगडूनं टांगताना भोकाड पसरलं, पाय झाडले. काटा हलायचा थांबेना. मावशीनं त्याच्या हातात तांदळाचे चार दाणे दिले तेव्हा तो ते बघत गप्प झाला.

नऊ किलो सातशे.

मी त्याचं कार्ड काढून साहेबांपुढं धरलं. मागच्या महिन्याच्या पंधरा तारखेला नऊ किलो दोनशे. त्याच्या आधीचे तीन महिने नऊ किलो दोनशेच, रेघ जमिनीसारखी आडवी. ह्या महिन्यात पहिल्यांदा ती उठली होती.

"अर्धा किलो," सुगंधा म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण काटा कुठून कुठं गेला ते कळत होतं. मग ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "बाई, माझ्या तोंडाला काय बी येतंय. मनात धरू नगासा."

मनात काय धरणार? मीच रडत होते.

साहेबांनी भेट-वही उघडली. पेनाचं टोपण काढलं, थांबले, आणि मला बाजूला बोलावलं. "बाई, तुमच्या भल्याचं सांगतो. मी लिहितो, एक किलो आठशे घट. उंदीर, सांडलवंड, पोत्याची गळती. एवढी घट चालते. कुणी विचारणार नाही. विषय संपला."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. काम वाचलं, मावशी वाचली, नाव वाचलं. हो म्हणायला तोंड उघडलं. आणि नजर मावशीवर गेली. ती सांडलेले पाच-सहा दाणे बोटाच्या टोकानं वेचून पिंपात टाकत होती.

"नको साहेब," मी म्हटलं. "घट लिहू नका."

"का?"

"घट म्हणजे वाया गेलं. हे वाया कुठं गेलं? ते बघा, तुमच्यासमोर बसलंय, नाकाला शेंबूड आलाय त्याच्या. सोळा दिवस ह्या बाईनं एक दाणा सांडला नाही, आणि कागदावर म्हणायचं उंदरानं खाल्ला? मला नाही चालायचं."

"खरं लिहिलं तर हे वर जाईल. ठरलेल्यापेक्षा जास्त दिलं असा ठपका येईल. तुम्हा दोघींचं काम जाऊ शकतं. विचार करा."

"विचार करायला लागले तर घटच लिहा म्हणेन. तुम्ही लिहा लवकर."

साहेब भेट-वहीकडं वळले. मग वाकून लिहिलं. तो मजकूर मला पाठ आहे. 'तांदूळ १ किलो ८०० ग्रॅम कमी. कारण: शीग. समक्ष तोलून खात्री केली.' खाली सही. मग भिंतीपाशी जाऊन माझी यादी त्यांनी एका कागदावर उतरवून घेतली. मोटरसायकलला किक मारताना म्हणाले, "वरून उत्तर येईपर्यंत माप सपाट घाला, बाई. तेवढं ऐका."

ते ऐकणं भाग होतं. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः मावशीशेजारी उभी राहून पट्टी फिरवायला लावली. तिनं फिरवली, पण तोंड दुसरीकडं करून. सपाट मापाची ती खिचडी मला वाढवत नव्हती. पोरं पूर्वीसारखीच ताटल्या चाटायची, फक्त आता मला ते दिसायला लागलं होतं. रोज टपालवाला दिसला की मी दारात जाऊन उभी राहायचे. माझा नवरा म्हणाला, "घट लिहिली असती तर झोप तरी लागली असती." त्याला म्हटलं, "तुला लागते ना? मग झोप." मावशीनं मात्र दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही की काय होणार. तिनं फक्त चिमण्यांना दाणे टाकणं चालू ठेवलं, स्वतःच्या घरनं आणून.

उत्तर आलं ते एकट्या मला नाही आलं. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना आलं, सायक्लोस्टाईल केलेलं, शाई फुटलेलं परिपत्रक. तराजू नसल्यास लिटरच्या मापाने जिन्नस कसे मोजावेत, म्हणून खाली तक्ता. तांदूळ ८५०, मूगडाळ ८६०, भरडा ६५०, पीठ ५५०, न आपटता. माझी भिंत होती ती, जशीच्या तशी. साखरेतला माझा एक खाडाखोड केलेला आकडासुद्धा त्यांनी नीट लावून घेतला होता. माझं नाव कुठं नव्हतं, आणि खरं सांगू, दोन मिनिटं त्याचं वाईट वाटलं. मग मी शेवटची ओळ वाचली आणि खालीच बसले.

"मावशी," मी हाक मारली. "इकडं या. बसा."

"काय झालं? गेलं का काम?"

"ऐका. 'मुलांचा आहार शिजविताना तांदळाचे माप शिगेसह धरावे व नोंद ९०५ ग्रॅमप्रमाणे करावी.'"

तिला कळायला वेळ लागला. मी पुन्हा वाचलं. मग ती माझ्या शेजारी टेकली, हात पदराला पुसले आणि तर्जनी पुढं केली.

"ह्यात शीग कुठली?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. उभ्या आयुष्यात तिनं वाचलेला तो पहिला शब्द. तिनं बोट उचललं नाही. शाई ओली नव्हती, तरी बोट उचललं तर शब्द पुसेल असं वाटत असावं तिला.

"सगळ्या तालुक्याला ग्येलं ह्ये?"

"सगळ्या तालुक्याला. जिथं जिथं पोरं जेवतात तिथं."

"माझ्या आयचं हाय ते," ती म्हणाली. "तिला म्हाईत न्हाई."

माणसाला गर्व असू नये म्हणतात. असेल. मला आहे. मी त्या कागदाला पुठ्ठा लावून भिंतीवर लावला, खडूची यादी पुसली नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दगडू पुढं पोलीस भरतीत धावला आणि छाती मोजताना फुगवून दोन सेंटिमीटर जास्त भरली, तेव्हा सुगंधा पेढे घेऊन आधी मावशीच्या घरी गेली, मग माझ्याकडं आली. बरोबर केलं तिनं.

पण त्या दिवशी कागद वाचून झाल्यावर मावशी उठली, चुलीवर हंडी चढवली, पिंपाकडं गेली. मी रजिस्टर उघडलं आणि दारातून विचारलं, "मावशी, दोन मापं?"

"दोन मापं. शिगंची."

मी लिहिलं, एक किलो आठशे दहा. मान वर केली तर मावशी शिगेवर आणखी मूठभर तांदूळ सोडत होती.

"मावशी! आता शीग कागदावर आहे. ती धरलीये हिशोबात."

"व्हय की. ती सरकारची शीग झाली," ती म्हणाली. "मग माझी नगं का लावाया?"

काळ्या टोकाची फूटपट्टी चुलीपाशीच पडली होती. मी ती उचलली, दोन तुकडे केले आणि हंडीखाली सारले.